पाच बाटल्या आणि वीस गुंठे

दादानं ऑस्ट्रेलियाहून वाईनच्या पाच बाटल्या आणल्या. सहावीही आणायची होती म्हणे, पण त्याच्या आणि वहिनीच्या वाट्याला मिळून विमानतळावर तेवढ्याच सोडतात. पाचही एकाच वायनरीच्या. तिथल्या द्राक्षबागा गेली बरीच वर्षं दादाच सांभाळतो. वहिनी पुण्यात तिच्या माहेरी उतरली आणि हा बाटल्या स्वेटरांत गुंडाळून थेट निमगाव साव्याला, आबांच्या मळ्यात. तिथून मला शिनोलीला फोन.

"उद्या दुपारी ये. आबांना वाईन चाखवायचीय."

"आबांना? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. आमच्या वडिलांनी ऐंशी वर्षांत दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. लग्नाच्या वरातीत कुणी झिंगलेला दिसला तर ते रस्ता ओलांडून पलीकडं जातात.

"अगं, प्यायची नाही. तोंडात घोळवायची आणि थुंकायची. आबा द्राक्षं कशी चाखतात? तशीच."

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं सासरी सगळे म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण फोन ठेवला आणि मी गप्प झाले. कारण दादानं पुढं सांगितलं होतं की पाचवी बाटली शिराझ जातीच्या द्राक्षांची आहे, आणि तिचे वेल त्यानं स्वतःच्या हातानं छाटलेत. शिराझ म्हटलं की मला आमचे वीस गुंठे आठवतात. त्या वीस गुंठ्यांत आबा आणि मी मिळून जे केलं, ते आम्ही दादाला आजवर सांगितलेलं नव्हतं. वर दुसऱ्याच बाईवर त्याचा आळ येऊ दिला होता. आबा आता थकलेत. हे सांगायचं राहून गेलं तर कायमचंच राहील, आणि सांगितलं तर आबा दादाच्या नजरेतून उतरतील, या विचारानं मला सकाळचा चहासुद्धा गोड लागेना.

आमची बाग तेव्हा गावात नावाजलेली. आबांचे मणी अंगठ्याएवढे. व्यापारी आले की आबा एक घड हातावर तोलायचे आणि काही न बोलता समोर धरायचे, बस्स. त्या मण्यांसाठी किती उठाठेव! फुलोरा झाला की प्रत्येक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. हजारो घड, एकेक करून, मग्यात धरून, आणि तेही दोनदा-तीनदा. त्यासाठी तळेघरहून बायकांची टोळी यायची. भातकापणी, नाचणीची कापणी उरकली की डोंगर उतरून त्या इकडं कामाला येत. त्यांची मुकादमीण काळीसावळी, लुगड्याचा काचा मारलेली, आवाजानं सगळी बाग भरून टाकणारी. मांडवाखाली हिरवा उजेड पडलेला असायचा, बायकांचे हात वर, मग्यांतून पाणी ठिबकतंय, आणि ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कुणाची तरी थट्टा करतेय. दुपारी मी तिच्याच फडक्यातली नाचणीची भाकरी खायचे. आईनं दिलेली बाजरीची मी तिला द्यायचे. "तुजी भाकर लई माजलेली हाय गं," म्हणायची. तसली भाकरी मला नंतर कुठंच मिळाली नाही.

मग दादा शेतकीचं शिकून आला आणि एका वाईन कंपनीशी बोलून त्यानं वीस गुंठ्यांत शिराझ लावली. त्याची एकच अट होती. या घडांना बुडवायचं नाही, फुगवायचं नाही. वाईनला मणी बारीकच लागतात, जाड सालीचे. आबा "बरं" म्हणाले.

पण म्हणणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं! पलीकडं टपोरे होणारे घड आणि अलीकडं हे वाटाण्याएवढे. आबा रोज संध्याकाळी त्या तुकड्यात जाऊन उभे राहायचे. येणारा-जाणारा बांधावरून विचारायचा, "काय राव, औंदा बागेत मिरी लावली का?" आबा हसायचे, पण जेवताना भाकरी तशीच ताटात राहायची. एकदा मला म्हणाले, "घड उपाशी दिसतात गं."

दादा पंधरा दिवस कंपनीच्या ट्रेनिंगला नाशिककडं गेला होता. पहिल्याच पहाटे आबांनी मला हलवून उठवलं. दोन पिवळ्या बादल्या, दोन मगे. टोळीची जीप यायच्या आत आम्ही रोज दोन-तीन ओळी बुडवायचो. थंडीनं बोटं आखडायची. आबा एकेक घड असा हातात घ्यायचे की लहान लेकराला आंघोळ घालतायत असं वाटावं. खरं सांगते, त्या पहाटा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या आहेत. आबा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. आजोबांची मोट, पहिली छाटणी चुकली तेव्हा खाल्लेला मार, सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी मात्र म्हणाले, "दादाला बोलू नकोस. तुला माझी शपथ."

मणी फुगले, साल पातळ झाली, साखर चढेना. कंपनीचा माणूस आला, त्यानं दोन घड हातात फिरवले आणि दादाकडं बघून विचारलं, "हे डिपिंग कुणी केलं?" दादाचा चेहरा उतरला. माल त्यांनी घेतला नाही. बांधावर जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, टोळीच्या बायकांनी सवयीनं बुडवलं असेल, त्यांना काय कळतंय. दादानं आबांकडं पाहिलं. आबा नुसतं "हं" म्हणाले.

तेवढ्या एका "हं"वर दादा त्या मुकादमिणीवर तुटून पडला. सगळ्यांदेखत. "आमी त्या तुकड्यात पायच ठिवला न्हाई, भाऊ," ती म्हणत होती. दादा ऐकेना. तोंडाला येईल ते बोलला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. तिनं भाकरीचं फडकं उचललं आणि बायकांना घेऊन निघून गेली. मी चिंचेखाली उभी होते. शपथ होती म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. पुढच्या वर्षी दादा ऑस्ट्रेलियाला गेला, वीस गुंठे उपटले, माझं लग्न शिनोलीत झालं. घोडेगावच्या बाजारात ती बाई कधी लांबून दिसली तर मी भाजी न घेता दुसऱ्या गल्लीत शिरायचे.

तर ती दुपार. पौषातलं ऊन ओट्यावर आलेलं. माझ्या लग्नात आलेले, माहेरीच राहिलेले फुलाफुलांचे सरबताचे ग्लास मी पुसून मांडले. स्टीलचे आणले होते तर दादा कळवळला, "अगं बाई, स्टीलमध्ये वाईन?" मध्ये-मध्ये खायला पाव लागतो म्हणाला, मी बाजरीच्या भाकरीचे तुकडे ठेवले. मग थुंकायला काहीतरी हवं. मी खोलीतून हाताला लागली ती बादली आणली आणि ओट्यावर ठेवल्यावर माझंच लक्ष गेलं. पिवळी होती. कडी तुटलेली. तीच असेल असं छातीठोक नाही सांगत, पण आबा तिच्याकडं बघत राहिले.

पहिली पांढरी, शार्डोने. आबांनी घोट तोंडात घेतला, डोळे मिटले, गाल हलवले आणि बादलीत थुंकले. द्राक्ष चाखून साल थुंकतात अगदी तसं. "काढायची घाई केली," म्हणाले. दादा उडालाच. "आबा, त्या वर्षी पावसाच्या भीतीनं आठवडाभर आधी काढली होती!" दुसरी गुलाबी. मला ती कोकमाच्या सरबतासारखी वाटली आणि मी थुंकायची विसरले. "ही बघा," दादा म्हणाला, "हिला लागलीच." आबा खुदकन हसले. तिसरी लाल, तिला आबांनी "नुसती आंबूस, वेलीवर ओझं जास्त ठेवलं" म्हणून निकालात काढलं, तर दादानं कबूल केलं की हो, त्या तुकड्यात घड विरळ करायला माणसं मिळाली नव्हती. चौथी आबांनी दोनदा मागून घेतली. वाईन म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस परमुलखातल्या बागेची नाडी ओट्यावर बसून सांगत होता, आणि दादा शाळेतल्या पोरासारखा पुढं सरकून ऐकत होता. इतकं बरं वाटत होतं! वाटलं, इथंच थांबवावं.

पण दादानं पाचवी उघडली. "ही माझ्या हातची. आपली होती तीच जात." त्यानं आबांचा ग्लास भरला. आबांनी घोट घेतला. तोंडात बराच वेळ धरला.

मणी केवढे असतात, असं घोट सांभाळत त्यांनी बोटांनीच खूण करून विचारलं.

"वाटाण्याएवढे. जसे आपले होते तसेच." दादा ग्लासाकडं बघत म्हणाला, "त्या टोळीनं घोळ घातला नसता, तर आबा, आपलीही अशीच झाली असती."

मी बादली आबांच्या पुढं सरकवली. आबांनी ती हातानं बाजूला केली आणि घोट गिळला. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

"त्यांनी न्हाई," ते म्हणाले. "मी बुडवलं व्हतं."

दादाला आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं ओरडेल. पण तो ग्लास खाली ठेवून बांधापर्यंत चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "मी त्या बाईला काय काय बोललो, आबा," एवढंच म्हणाला. आबांना राग आला असता तर परवडलं असतं. ते रडायला लागले. आबांना रडताना मी त्याआधी आई गेली त्या वेळी पाहिलं होतं तेवढंच.

"गाडी काढ उद्या," डोळे पुसत आबा म्हणाले. "तळेघरला जाऊ."

सकाळी द्राक्षांची एक पाटी घेऊन तिघं निघालो. घोडेगाव, माझं शिनोली, मग चढ. स्टॉपवर विचारलं तर लगेच घर दाखवलं. ती अंगणात उन्हाला बसून सुपात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. "या पावणं, आज इकडं कसं काय?"

आबांनी कुणापुढं हात जोडलेले मी पाहिले नव्हते. ते उभ्यानंच हात जोडून म्हणाले, "बाई, त्या टायमाला घड मी बुडवलं. तुमच्यावर आळ घातला."

तिनं सूप खाली ठेवलं. "ठाव हाय की आबा. सकाळच्याला आमी यायचो तवा तुमच्या बादल्या वल्या असायच्या."

"मग बोलल्या का नाही?" दादाचा आवाज फाटला. "मी एवढं बोललो तुम्हाला."

"पोराम्होरं बापाला खाली बघाया लावू व्हय?" ती म्हणाली. "राग लई आल्ता. घरी येऊन रडले बी. त्या सालाला आमाला बागच गावली न्हाई, समदीकडं बोभाटा झाल्ता. पर मनलं, आबाचं पोरगं हाय, खरं कळलं तर बापाला सोडून जाईल." मग तिनं दादाला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. दादा मान खाली घालून बसला.

मला वाटलं, झालं, संपलं. मी पाटी तिच्यापुढं ठेवली आणि नेहमीसारखं काहीतरी बडबडायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"बादल्या दोन असायच्या," ती म्हणाली. "आबाचं मला कळलं. त्यो बाप व्हता, त्याला पोराची लाज वाटली. तू तर रोज माजी भाकर खायाचीस. तू का गं बोलली न्हाईस?"

दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी तिच्यासमोर मातीत बसले, आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.