जवारीतल्या डिस्का

“तोंड नोको दाखवू, पाठ दाखव.”

केनवडच्या बाजाररस्त्यावर जानरावच्या दुकानात कोणी प्रिंटर घेऊन येवो की स्कॅनर, पायरी चढायच्या आत हे वाक्य त्याच्या कानावर पडे. यंत्राचा नंबर पाठीवर असतो, हे जानरावला उमगलं तेव्हा या भागात कॉम्प्युटर म्हणजे झाकून ठेवायची वस्तू होती. वर कापड, कापडावर कुंकू. जानराव आलेल्या माणसाचं नावसुद्धा मागाहून विचारी. आधी यंत्र उलटं करी, फडक्याने धूळ पुशी, चष्मा कपाळावर सारून नंबर वाची आणि कपाटातून चेनची काळी बॅग काढी. बॅगेत नुसत्या डिस्का. प्रत्येकीवर स्केचपेनने त्याच्या हातचं अक्षर.

“विंडोज नवी टाकली का कॉम्प्युटर आपलीच मानसं इसरते,” तो सांगे. “आवाज जाते, नेट जाते, प्रिंटर समोर असून वळखत नाही. मंग मधला मानूस लागते. थो म्हंजे ड्रायव्हर. सोयरिकीत लागते ना दोहीकडचं बोलनं समजनारा? तसा.”

त्याची बायको सोजरबाई दुपारचा डबा घेऊन येई आणि तिथेच बसून राही. मुकं पडलेलं यंत्र एकदम घरघरून कागद ओढू लागे, तेव्हा जानरावच्या चेहऱ्यावर जे उमटे ते तिने लग्नातही पाहिलं नव्हतं. तो पहिला गरम कागद तो गिऱ्हाइकाला न देता तिच्या हातात देई.

मग दिवस पालटले. नवे कॉम्प्युटर आपले ड्रायव्हर आपणच नेटवरून शोधून घेऊ लागले. समोर मुन्ना नावाच्या पोराने कॉम्प्युटरचंच दुकान टाकलं. एका बाजाराच्या दिवशी त्याने रस्त्यापलीकडून, चार माणसांत आरोळी दिली, “जानरावकाका, त्या डिस्काइचं आता लोनचं घाला!”

माणसं हसली. जानरावही हसला. घरी येऊन मात्र त्याने ती बॅग अंगणात भिरकावली. “टांग जवारीत. पाखरं तरी भेतीन.”

तेव्हा जवारीत दाणा भरत होता आणि पाखरांचे थवे उतरत होते. सोजरबाई एक दिवस थांबली, दोन दिवस थांबली. बॅग अंगणातच पडून. मग तिने दोरीत ओवून सगळ्या डिस्का शेतात टांगल्या. उन्हात त्या लखलखत, वाऱ्यावर गरगरत, आणि पाखरं खरंच वरच्यावर निघून जात.

होळी झाली, आणि स्नेहा दुकानात आली. बौद्धवाड्यातली पोरगी, वाशीमला एका दुकानात डिझाइनचं काम शिकलेली. रेडियमचे स्टिकर कापायचं जुनं मशीन तिने कुठून तरी मिळवलं होतं. भीमजयंतीसाठी तीन-चार गावच्या पोरांनी गाड्यांवरच्या अशोकचक्रांचं काम तिला दिलं होतं. ते वेळेत झालं तर ती गावात स्वतःचं दुकान मांडणार होती. नाही तर पुन्हा वाशीम, पुन्हा दुसऱ्याची खुर्ची.

“काका, कॉम्प्युटर याले वळखूनच नाही राह्यला.”

“पाठ दाखव,” जानराव म्हणाला. किती महिन्यांनी म्हणाला! नंबर वाचला आणि त्याचा आवाज चढला. “हे मशीन मीच बसवून देल्लं होतं रिसोडच्या एकाले. याची डिस्क दुनियेत कोनापाशी नाही, माह्यापाशी हाय. उद्या ये.”

रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असंच तो बोलला. सोजरबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

संध्याकाळी ती त्याच्यामागोमाग शेतात गेली. जवारी कधीच निघाली होती. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीला मात्र दोरी तशीच लोंबत होती. जानराव एकेक डिस्क धरून अक्षर शोधू लागला. ऊन, दव, वारा. अक्षरं उडाली होती. एकीवर त्याला आपलं स्केचपेन ओळखू आलं. त्याने ती आभाळाकडे धरली. चांदी सोलून निघाली होती, मावळता सूर्य आरपार दिसत होता.

“नेटवर पाहा ना,” सोजरबाई म्हणाली.

“पाह्यलं. थे कंपनीच बुडाली.”

“मंग मुन्नाले इचारा. त्याले येत असन.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहा आली. जानरावने मशीन उगाच उघडझाक केलं, बटण दाबलं, मान हलवली. “मेलं हे पोरी. बोर्ड जयला. भंगारात दे.”

“डिस्क टाकून पाह्यली, काका?”

“मेलेल्याले डिस्क काय करते?”

त्यावर पोरीने पुन्हा उलटून विचारलं नाही. जानरावकाकांचा शब्द होता. सोजरबाई डब्याचं झाकण लावत राहिली. ते लागतच नव्हतं.

स्नेहाने घेतलेलं काम परत केलं, मशीन भंगारवाल्याला दिलं. जयंती झाली, गाड्यांवर वाशीमहून आलेले स्टिकर चमकले. आणि वैशाखात, मुन्नाच्या दुकानासमोरून जाताना, तिला आत आपलं मशीन दिसलं. बाजूवर तिनेच लावलेलं निळं चक्र. मशीन चर्रचर्र करत ट्रॅक्टरवाल्याचं नाव कापत होतं.

ती सरळ जानरावच्या पायऱ्या चढली.

“काका, बोर्ड जयला होता ना?”

मुन्ना मागून आलाच होता. “अवो, भंगारवाल्यापासून आनलं. खोललं, आतल्या चिपचा नंबर पाह्यला. दुसऱ्याच कंपनीचा ड्रायव्हर चालला त्याले. काका जिनगीभर पाठ पाहत राह्यले, कोनाचं पोट नाही पाह्यलं.” पण स्नेहाचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. “मशीन तुवं होतं हे मले नाही मालूम, ताई.”

स्नेहाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “डिस्क नव्हती तर नाही म्हनाचं होतं, काका. मी दुसऱ्याले दाखवलं असतं. मेलं कायले म्हनलं?”

जानरावने डबा घेऊन बसलेल्या सोजरबाईकडे बोट केलं. “हिनं टांगल्या डिस्का शेतात. हिले इचार.”

बत्तीस वर्षांचा संसार त्या एका बोटाच्या टोकाशी येऊन थांबला. सोजरबाईने मांडीवरचा डबा नीट धरला.

“व्हय, म्या टांगल्या,” ती म्हणाली. “टांग म्हनलं म्हून टांगल्या. पन मशीन मेलं असं म्या नाही म्हनलं. म्या ऐकून घेतलं, थे माह्यं. म्हननं तुमचं.”

जानराव उठला. पायाने चप्पल चाचपली. दुकान उघडंच टाकून तो पायऱ्या उतरला, मशीनच्या चर्रचर्रीसमोरून मान खाली घालून गेला आणि शेताच्या वाटेला लागला.

“काकू, जेवले नाही थे,” स्नेहा म्हणाली. “हाक मारा ना.”

सोजरबाईने मारली नाही. दोघी पायरीवर उभ्या राहून पाहत राहिल्या. भर दुपारच्या रस्त्यावर त्याची पांढऱ्या सदऱ्यातली पाठ लहान लहान होत गेली, आणि डबा अजून ऊन होता.