माझ्या केबिनमधला कुलर

नांदगाव पेठच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामगारांची भांडणं मिटवायचा पगार मी घेतो. त्यातलं एक भांडण मीच लावलं होतं, हे मला भर बैठकीत कळलं.

मे महिना. हॉलमध्ये कुलर एकच. एका बाजूला कटिंगचे मास्तर, दुसऱ्या बाजूला इस्त्री विभागाच्या ताई. कुलर लावला की मास्तरांचे कापडाचे थर उडायचे. बंद केला की ताईंकडच्या बाया वाफेत शिजायच्या. शेवटी ताईंनी राजीनामा लिहून आणला. अचलपूरहून रोज बसने येणार, घरात कमावत्या एकट्याच. मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत मिटवा. नाहीतर मी सही करतो."

मी निर्धास्त. अकोल्याहून वाद मिटवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच घेऊन आलो होतो, प्रमाणपत्रही भिंतीवर होतं. दोघांना केबिनमध्ये बसवलं. "भांडायचं नाही. समोरचा आपल्याबद्दल काय म्हणतो, तेवढंच सांगायचं."

ताई म्हणाल्या, "हे मले कामचोर म्हनतात."

मास्तर ताडकन उठले. "मी? कोनं सांगतलं तुमाले?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"अन् तुमी मले खडूस बुढा म्हनता, हे?"

"मी कायले म्हनू? कोनं सांगतलं?"

दुसरं बोट. तेही माझ्याकडेच.

एकेकाला गाठून मी 'तुमचंच बरोबर' म्हणायचो आणि जवळीक वाढावी म्हणून दुसऱ्याच्या तोंडी दोन शब्द पदरचे घालायचो. ते त्यांनी इतके जपून ठेवले असतील, हे ध्यानीमनी नव्हतं.

"काहून असं करून राहिले होते साहेब तुमी?" मास्तरांनी हळूच विचारलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

खोलीत नुसती घरघर. तिघांनी एकदम मागे पाहिलं. माझा कुलर! एकट्या माझ्यासाठी, ताज्या वाळ्याच्या वासासकट.

"अवो माय!" ताई म्हणाल्या.

मास्तरांनी प्लग उपसला. मी तोंड उघडेपर्यंत दोघांनी कुलर दारापर्यंत नेलाही होता.

"हळू मास्तर, पानी सांडते."

"सांडू द्या. साहेब पुसतीन."

इस्त्रीच्या टेबलामागे तो असा लावला, की वारा बायांच्या पाठीवर येईल, कापडापर्यंत पोचणार नाही. मग मास्तरांनी स्वतःच हॉलमधला जुना कुलर बंद केला.

मी फडकं घेऊन ओणवा असतानाच ताई परत आल्या. माझ्या टेबलावरचा आपला राजीनामा उचलला, त्याची लांबट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"घ्या साहेब. वारा घ्याले कामी पडते."