आत्याच्या पट्ट्या आणि आईचा आवाज

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या आत्याबद्दल अफवा आहे की ती थुंकीवरून माणसाच्या मनातलं ओळखते. कोण खोटं बोलतंय, कोणाचं घरात पटत नाही, कोण नोकरी सोडायच्या बेतात आहे, सगळं. वॉचमनकाका ती दिसली की शिंक दाबतात, आणि दाबलेली शिंक डोळ्यांतून बाहेर येते. वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये तिच्याशी ओठ मिटून बोलतात. "म्म, आज लवकर?" "म्म, उकडतंय फार." ही नक्कल मला झकास जमते.

खरं इतकंच आहे की आत्या एका प्रयोगशाळेत नखाएवढ्या पट्ट्या बनवते. पट्टीवर लाळेचा किंवा घामाचा थेंब टाकला, की त्यात कॉर्टिसोल किती आहे त्याचा आकडा शेजारच्या यंत्रावर येतो. कॉर्टिसोल म्हणजे ताण आला की शरीरात धावून येणारं संप्रेरक. सकाळी आपल्याला अंथरुणातून उठवून उभं करण्यातही त्याचा हात असतो, म्हणून तेव्हा ते भरपूर सापडतं. मनातलं काही कळत नाही. कळत असतं तर आत्या माझ्या बाबांशी पत्ते खेळताना रोज हरली नसती.

ती मायक्रोस्कोपखाली पट्टीच्या सोनेरी टोकावर एक थेंब सोडते. त्या थेंबात फक्त कॉर्टिसोललाच पकडून ठेवणारे रेणू असतात. थेंब सोडताना श्वास रोखायचा, ही सवय इतकी अंगात भिनलीय की घरी चहात साखर घालतानाही ती श्वास रोखते. आणि पट्टी बिघडली की यंत्राला, हवेला, साहेबांना कोणालाच काही म्हणत नाही. मान खाली, आवाज नाकातून: "माझाच हात हलला असणार."

नव्या पट्ट्या तपासायला धडधाकट माणसांची सकाळची लाळ लागते. प्रयोगशाळेची रीतसर परवानगी होती, आत्याने घरी विचारलं. आई लगेच तयार झाली. आत्याला ती थट्टेने 'वन्सं' म्हणते. म्हणाली, "वन्सं, तुमच्या नावानं थुंकायचं म्हणजे मला दोनदा सांगायला नको."

आई गाडी चालवायला शिकवते. तिचा आवाज म्हणजे आमच्या भागातला भोंगा होता. "क्लच दाब, क्लच! माझा गळा नको दाबू!" हे सिग्नलपलीकडच्या माणसालाही ऐकू जायचं आणि तोही घाबरून पाय दाबायचा. पण गेल्या वर्षी तो आवाज हळूहळू खाली आला. शिकणारी मंडळी खूश. मॅडम किती शांत झाल्यात, काही ध्यानबिन करतात का, असं विचारायची. आई बारीक झाली, तर बाबा म्हणाले, जिने चढण्याचा फायदा. सावळी झाली, तर उन्हात गाडीत बसून रापली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तर वयच झालं. मीठ तर ती चिमटीने नुसतंच खायची, त्यावर मीच विनोद करायचे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं, आणि आई ते मुकाट्याने मान्य करत होती.

आईच्या लाळेवर आकडा आला जवळजवळ शून्य. आत्याने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि ती सगळी खेप कचऱ्यात टाकली. पुन्हा पट्ट्या केल्या. बाकीच्यांचे आकडे ठीक, आईचा पुन्हा तोच. म्हणजे हात पुन्हा हलला! तीही खेप गेली. तिसऱ्या वेळी तिने आधी मोजून कालवलेलं कॉर्टिसोल पट्टीवर टाकून पाहिलं. पट्टी अगदी बरोबर बोलली. मग आत्याचा संशय आईवर गेला.

"वहिनी, खरं सांग. आधी पाणी प्यायलीस ना?"

आई म्हणाली, तुमची शपथ. आत्या म्हणाली, माझी नको, नवऱ्याची घे. दुसऱ्या दिवशी ती आई उठायच्या आधीच नळी घेऊन उशाशी येऊन बसली. आई डोळे उघडते तर समोर नणंद, हातात नळी. आकडा मात्र हलला नाही.

त्याच दिवशी जेवताना मी नेहमीसारखी आईची नक्कल केली. क्लच, गळा, सगळं. बाबा पोट धरून हसले, आईही हसली. आत्या हसली नाही. घास हातात तसाच.

"वहिनी, तू अशी शेवटची कधी ओरडलीस गं?"

आई आठवायला लागली. बाबाही आठवायला लागले. कोणालाच आठवेना. मी ज्या आईची नक्कल करत होते ती घरात राहिलीच नव्हती, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आत्याने आईला डॉक्टरांकडे नेलं. तिथे तिने पट्टीची फुशारकी मारली नाही. आमची पट्टी अजून शिकतेय, तिच्या शब्दावर कोणाला आजारी ठरवता येत नाही, पण एकदा रक्त बघाल का, इतकंच म्हणाली. डॉक्टरांनी आईच्या तळहाताच्या काळवंडलेल्या रेघा बघितल्या, मिठाबद्दल विचारलं आणि तपासण्या लिहून दिल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या छोट्या ग्रंथी असतात, त्या आईच्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. संप्रेरक बनतच नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले की एखादा मोठा ताप किंवा अपघात झाला असता, तर हे शरीर उभं राहिलं नसतं. बाबांनी डॉक्टरांचं पेन उचललं आणि उगाच टोपण लावत-काढत बसले. आता आईला रोज गोळ्या घ्यायच्या आहेत, जन्मभर. आई म्हणाली, जन्मभर म्हणजे बरंच झालं की.

आम्ही सगळे आत्याचे उपकार मानत सुटलो. बाबांनी तर तिला पत्त्यांत जिंकू दिलं, आणि तिला ते कळलं, म्हणून भांडण झालं. तिला मात्र एकच बोच होती. "दोन वेळा पट्ट्या खरं सांगत होत्या, आणि मी त्यांना केराची टोपली दाखवली." यावर आईने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वन्सं, हा हात हलला नव्हता. आता तरी विश्वास ठेवा त्याच्यावर."

गोळ्यांनी आईच्या अंगात बळ आलं, अलीकडे लागलेली दुपारची झोप सुटली, मग डॉक्टरांनी मध्यंतरी बंद ठेवायला लावलेल्या गाडीलाही परवानगी दिली. पण आवाज हळूच. मला भीती वाटायची की तो गेला तो गेलाच. आत्या म्हणाली, पावसाळा संपायच्या आत वहिनी पूर्वीसारखी ओरडेल. मी म्हटलं, नाही ओरडणार. लागली पैज. मी हरले तर वर्षभर आत्याची नक्कल तोंडातून काढायची नाही. ती हरली तर तिने वॉचमनकाकांसमोर माझी नक्कल करायची.

मग पावसाळ्यातल्याच एका दुपारी मी खिडकीत केस विंचरत होते. खाली शिकवणीची गाडी आचके देत वळली आणि खांबाच्या दिशेने निघाली.

"अरे ब्रेक! खांबाला काय पत्ता विचारायला चाललायस?"

समोरच्या घरांतली माणसं गॅलरीत आली. वॉचमनकाकांनी गेट उघडलं, काही कारण नसताना. मी कंगवा हातात धरून खाली बघत हसत होते, आणि रडतही होते, तेवढ्यात मागून आत्या आली. तिने पैज वसूल करायला तळहात पुढे केला.

हरले मी. वर्षभर तिची नक्कल बंद. लिहायचं नाही, असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.