वाघोबाचा दगड

डहाणू ते तलासरी वाटेवरची सगळी पाखरं माझ्या थोरल्या साडूंच्या ओळखीची आहेत, माणूस मात्र एकही नाही. समोरून सख्खा चुलता आला तरी हे झाडाकडे बघत पुढे जायचे. त्यांची ताई तलासरीपलीकडच्या एका पाड्यावर दिलेली. डहाणूजवळच्या आमच्या सरावलीहून तिथवर अख्ख्या दिवसाची चाल, पण यांनी आयुष्यात कधी एसटी धरली नाही. एक-दोनदा मीही फरफटत गेलो. चिकूच्या वाड्या संपेपर्यंत बरं वाटायचं. मग भाताच्या खाचरांत खंड्या, टेकडीवरच्या सागात धनेश, प्रत्येकापाशी थांबायचं आणि तेही तोंड मिटून. एकदा मी म्हटलं, "अहो, पाय गेले माझे." तर म्हणाले, "हळू बोला, जोडी बसलीय." जोडी माझ्या पायांचीही होती, पण ती यांना दिसेल तर शपथ.

अर्ध्या वाटेवर मोहाखाली वाघोबा, म्हणजे वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेला शेंदरी दगड. तिथे नारळ फोडल्याशिवाय पुढच्या रानात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मागच्या उन्हाळ्यात भल्या सकाळी भाच्याचा फोन आला, आईचं काही खरं नाही, सारखं मामाचं नाव घेतेय. मी धावत जाऊन रिक्षा आणली. "ताईकडे मी चालतच जातो," म्हणत हे पिशवीत नारळ टाकून निघालेसुद्धा. मी चिडून घरी बसलो. हाताला धरून रिक्षात कोंबायला हवं होतं, ते मी केलं नाही.

तिकडे अर्ध्या वाटेवर वाघोबा जागेवर नव्हता. नव्या रस्त्यासाठी अर्धी टेकडी कापली होती, मोह तोडला होता, दगड कुणीतरी उचलून दुसरीकडेच ठेवला होता. साडू लाल मातीत तो शोधत राहिले. कामावरचा एक मजूर म्हणाला, "काका, फोडा ना इथंच. देवाला समजते." यांनी ऐकलं नाही. दोन-तीन तासांनी दगड सापडला, नारळ फुटला, आणि हे पाड्यावर पोचले तेव्हा ताईला अंगणात ठेवलं होतं. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आत्ता तासाभरापूर्वीपर्यंत वाट बघत होती."

ते वाघोबावर रागावले नाहीत, रस्त्यावरही नाही. चालणं तेवढं सोडलं. आता भाच्याकडे आम्ही जीपने जातो आणि हे सरावलीपासून डोळे मिटून बसतात. मला फार वाईट वाटतं. कापलेल्या टेकडीपाशी जीप हळू होते, तेव्हा विचारतात, "धनेश दिसतोय का हो?" बाहेर एक झाड नसतं.

"दिसतोय," मी म्हणतो.

"एकटा?"

"नाही. जोडी आहे."

"मग हळू बोला," ते म्हणतात, आणि तलासरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प बसतो.