दोघींची मिळून एक

लढाई संपून हे घरी आले तेव्हा आमची मुलगी जाऊन आठ महिने झाले होते. हे तिकडे लष्कराच्या मोटारदुरुस्ती कारखान्यात कारकून होते. हे गेल्यावर चार महिन्यांनी ती माझ्या माहेरी, शेंदूरजनाघाटला झाली आणि दीड वर्षाची होऊन तिथेच तापात गेली. यांनी तिला पाहिलंच नाही. पत्रात मी सगळं लिहिलं होतं. आल्यावर यांनी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. अमरावतीच्या घरात आम्ही दोघंच. वाढू का, पाणी देऊ का, एवढंच बोलणं.

पुढच्या दिवाळीनंतर हे अकोल्याहून दोन मोडक्या मोटारसायकली घेऊन आले. सरकारने विकायला काढलेल्या, लढाईतल्या. बडनेऱ्यापर्यंत मालगाडीने, तिथून बैलगाडीत घालून. एकीची चौकट वाकलेली, दुसरीचं इंजिन गंजून घट्ट बसलेलं. दोघींत मिळून चाकं तीन.

"दोन काहून आणल्या?"

"दोघींची मिळून एक होते."

मला बरं वाटलं नाही की वाईट. वाळवणाची जागा गेली, इतकंच मनात आलं.

यांना प्रत्येक भागाचं नाव पाठ होतं, पण पाना कधी हातात धरलेला नव्हता. म्हणून दर रविवारी कापसाच्या जिनातले एक म्हातारे मिस्तरी येत. घट्ट बसलेल्या इंजिनात त्यांनी घासलेट ओतलं आणि पंधरा दिवस हात लावू दिला नाही. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं, तेव्हा पिस्टन सुटला. व्हॉल्व घासायची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "बाई, तुमी या. साहेबाचा हात हलून राहिला."

व्हॉल्वला खरखरीत मलम लावून तो जागेवर इकडून तिकडे फिरवत राहायचं. मधूनमधून उचलून पाहायचं. राखी रंगाचं कडं सगळीकडून सारखं दिसलं की झालं. मला ते काम जमलं. त्यात विचार करावा लागत नव्हता.

एका दुपारी मी घासत होते, हे समोर चाकाच्या तारा पुसत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "चालत होती का ती?"

"दोन्ही बंदच होत्या न."

"गाडी नाही. मुलगी."

माझा हात थांबला नाही. "भिंत धरून चालायची. चैतात भिंत सोडली."

"मग?"

"मग वैशाखात गेली."

यांनी मान हलवली आणि पुढची तार पुसायला घेतली.

माघात इंजिन सुरू झालं. अंगणभर धूर झाला, शेजारी जमले, मिस्तरींनी नुसते हात पुसले. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं. यांनी दोन महिन्यांचं साठवलं आणि एका सकाळी म्हणाले, "बस मागं. शेंदूरजन्याले जाऊ."

मोर्शी, वरूड करत आम्ही दुपारी पोचलो. माझ्या भावाने आम्हाला संत्र्याच्या बागेत नेलं. लहान मूल म्हणून तिला तिथे धुऱ्यावर, कडेच्या बांधाला पुरलं होतं. बायका मातीला जात नाहीत. त्या दिवशी मी घरातच होते. ती जागा मीही पहिल्यांदाच पाहत होते.

भाऊ म्हणाला, "इथंच कुठं तरी. औतानं सपाट झालं पाहा सारं."

हे जमिनीकडे पाहत उभे राहिले. मी रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. गाडीच्या हादऱ्याने पाय अजून बधिर होते, तेवढंच कळत होतं. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "जेवाले चाला." आम्ही गेलो.

परतताना मोर्शीच्या अलीकडे साखळी उतरली. हे रस्त्याकडेला बसून ती चढवायला लागले. मी चाक धरलं.

"कोनासारखी होती?"

"नाक तुमचं. बाकी सारी आमच्याकडची."

साखळी चढली. यांनी हात मातीत घासले, धोतराला पुसले. ते डाग पुढे कधी निघाले नाहीत.

गाडी आणखी चार वर्षं चालली. हे तिच्यावर कचेरीत जात. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. महिना-दोन महिन्यांनी हे मुलीबद्दल एखादी गोष्ट विचारायचे. आठवत असली तर मी सांगायची, नसली तर आठवत नाही म्हणायची.