झोपंत लेकरू वाढतं

रेवा, हे वाचताना माझ्या जवळ बसलीयस असं समज. मोबाइल उपडा ठेव आधी. दोन दिवाळ्या झाल्या, तोंड फक्त काचेतून दाखवतीस आन् वर मलाच दरडावतीस, 'आजी, बीपीची गोळी घेतली का?' डॉक्टर झालीस तेवढं पुरं नव्हतं, आता ही फेलोशिप. डॉक्टरानं पुन्हा विद्यार्थी व्हायचं, तेबी तिकडं लांब मद्रासकडं. कॉलनीतल्या बाया विचारतात, नात हार्टची का मेंदूची? मी म्हणते, विषाची आन् नशेची. मग त्या माझ्या घरचा चहा जरा बघूनच पितात.

फोनवर बोलायला जीभ उचलत नाय, म्हणून लिहितेय.

पाचोडकडचं आपलं गाव आम्ही सोडलं ते बहात्तरच्या दुष्काळात, खडीच्या ट्रकवर बसून. तुझ्या आजोबांनी पेटी वर टाकली, मला हात दिला. सासूबाई म्हणाल्या, 'मागं बघू नको, गाडी लागती.' मी बघितलं. बांधाच्या कडंला बाभूळ होती, तिच्याखाली ताजी माती.

तिथं मधू आहे. तुझ्या बापाच्या आधीचा, माझा पहिला. त्याचं नाव घरात कुणी काढत नाय, म्हणून तुला ठाऊक नाय.

त्या वर्षी सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. लेकरू रडलं की बाई उठती, बाई उठली की मुकादम हजेरी कापतो. म्हणून तान्ह्यांना अफूची बारीक गोळी चाटवायची चाल होती. घरोघरी तशीच लेकरं मोठी झालेली, कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. सासूबाई सकाळी बोटानं चाटवायच्या आन् म्हणायच्या, 'झोपू दे गं, झोपंत लेकरू वाढतं.' बाभळीला टांगलेल्या झोळीत मधू गप पडायचा. माझी हातोडी चालायची.

त्या दुपारी कामावर खायला मिळायची ती सुकडी वाटून झाली तरी तो उठला नाय. मी पापणी उचलून बघितली. डोळ्यातली बाहुली मोहरीहून बारीक. ओठ निळसर. सासूबाईंनी नाकाशी कापूस धरला, तो हलला नाय. बाया म्हणाल्या, गेला. ऊन उतरायच्या आत माती दिली.

औरंगाबादला आलो तेव्हा सिडको म्हणजे नुसता माळ होता. तुझ्या आजोबांनी तिथल्या भिंतींवर पाणी मारलं, त्या भिंतींवर आता चार-चार मजले चढलेत. शहराचं नावसुद्धा बदललं. नळाला पाणी मात्र अजून आठवड्यानंच. मी ड्रम भरते, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टँकरचा निरोप वाचते. सगळं बरं चाललंय. फक्त कुणाचं लेकरू दुपारी जास्त झोपलं की माझा हात जातो, चिमटा काढते. तुझ्या बापाला मी कधी धड झोपू दिलं नाय. तुलाबी नाय. तुझी आई चिडायची, 'आई, आत्ताच डोळा लागलाय तिचा.' मी हसण्यावारी न्यायची.

आन् मागच्या आठवड्यात तू सांगितलंस, 'आजी, नशा जास्त झालेल्या एका पोराला गेलाय म्हणूनच आणलं होतं. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास इतका हळू, की घरच्यांना कळलाच नाही. इंजेक्शन दिलं तर उठून बसला आणि पहिली शिवी मलाच दिली.' तुमचे सर म्हणे पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी श्वास बघा, नीट बघा, मग बाकीचं. मीबी हसले. फोन ठेवला आन् तशीच बसून राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं.

मधूचं अंग गरम होतं, रेवा. पण त्या उन्हात दगडबी गरमच होते.

मातीत ठेवला तेव्हा तो गेला होता का झोपला होता, एवढंच मला विचारायचंय. सासूबाई गेल्या, आजोबा गेले. हे शिकलेलं घरात तुझ्याशिवाय कुणी नाय.

लोक विचारतात, बाई, तुमचं घर कुठं? मी सिडको म्हणते. पण ट्रकवरून मान वळवली ती अजून तशीच आहे. इथं मी अजून पोचलेच नाय.

तू फोनवर सांगू नको. मला बरं वाटावं म्हणूनबी सांगू नको. पेशंटच्या माणसांना खरं सांगतीस ना, तसं सांग, पण माझ्याशेजारी बसून. ड्रम भरून ठेवते, तुला अंघोळीला पाणी कमी पडायचं नाय. लवकर ये.