रॉकेल ओतून बघणारा

निवृत्तीनंतर वडिलांची जुनी अँबॅसिडर चालू करण्याचा शहाणपणा मला सुचला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, झिजलंय, असं पुण्यातल्या तज्ज्ञांनी मोबाइलवर फोटो बघूनच ठरवलं. एवढी विद्या असल्यावर हात काळे कोण करणार? दुसरं हेड मात्र एकाकडंही नव्हतं. शेवटी गॅरेजवाल्याकडून जुनं हेड उतरवून घेतलं आणि ते माझ्या रोजच्या गाडीच्या डिकीत टाकून मी ढोकी गावच्या एका भंगारवाल्याकडं गेलो.

म्हातारा ट्रॅक्टरच्या सीटवर बसला होता. खाली ट्रॅक्टर नव्हता, विटा होत्या. त्याच्या ढिगात तसलंच हेड निघालं. मी हरखून किंमत विचारली. हेड उलटं ठेवून त्यानं त्यातल्या व्हॉल्व्हवर, म्हणजे झडपांवर, रॉकेल ओतलं आणि तंबाखू मळत बसला. थोड्या वेळानं रॉकेल खालून गळू लागलं; झडपा घट्ट बसत नव्हत्या.

"न्हाय द्यायचं. गळतंय."

"चालेल हो मला."

"इकायचंच असतं तर रॉकेल कशाला वतलं असतं?"

मग त्यानं माझं हेड मागून घेऊन त्यातही ओतलं. एकच व्हॉल्व्ह पाझरत होता. त्याची स्प्रिंग काढून, घासायची पेस्ट लावून, वर काठी चिकटवून त्यानं तो रवीसारखा तळव्यांत फिरवत अर्धा तास घासला. पुन्हा ओतलेलं रॉकेल जागचं हललं नाही.

"दुसऱ्याचं आणाया निघालाव," तो म्हणाला, "आपलं कधी उघडून बघितलं व्हतं का?"

मी नाही म्हणालो. वडील होते तोवर मी त्या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं.